काजळीचा वारसा कोणाकडे जावा याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंद्याने नटी, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, हा कागद स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. धाकटी बहीण समोर बसून "लवकर आटप, चहा निवतोय" म्हणते आहे. त्याला कायद्याने दडपण म्हणत नाहीत, असे माझ्या वकिलांचे मत पडले. वकील म्हणजे धाकटीचीच मुलगी. मजकूर माझा आणि कायदा तिचा, अशी आमची वाटणी आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पडद्यावर एकदा मेले होते, पण तेव्हा कोणी विचारले नाही.

कलम १. घर. वरचा मजला धाकटीला द्यावा. खालचा तिचाच आहे, त्यामुळे आता तिला भांडायला कोणी उरणार नाही. त्याची भरपाई मला करता येत नाही. अट एकच. जिन्यातला दिवा गेला तर तिने स्वतः स्टुलावर चढू नये. वायरमन बोलवावा.

कलम २. बँकेत जे काही असेल ते भाचीला. "मावशी, मी वकील म्हणून हे लिहून घेऊ शकत नाही, उद्या लोक बोलतील," असे ती म्हणाली. म्हणून हे कलम मी माझ्या हाताने लिहिले आहे. लोकांनी बोलावे.

कलम ३. निर्मात्यांना मी काहीही ठेवत नाही. हे विसरून राहिलेले नाही, आठवणीने केलेले आहे. कारण देते.

रंगभूमीवर आया, आत्या आणि सासवा करण्यात माझे आयुष्य चालले होते. तेव्हा या निर्मात्यांनी 'झंझावात' नावाच्या चित्रकथेवर सिनेमा काढला. झंझावात म्हणजे वाऱ्यावर स्वार होणारा तरुण. दंड पिळदार, डोके बेताचे. त्याची वैरीण काजळी. ती शहरातले दिवे विझवते. काजळीसाठी ठरलेली सुंदर मुलगी ऐन वेळी लग्न करून गेली आणि माझी वर्णी लागली. मी काळी टोपी घातली, काळा झगा चढवला आणि सासू केली तशीच काजळी केली. पोरे खुर्चीखाली लपली. सिनेमा चालला.

दुसऱ्या भागात मला धुराड्यात ढकलून मारले. निर्माते म्हणाले, "बाई, आता जगात सगळीकडे राक्षस संगणकावर करतात. त्याला मेकअप लागत नाही, चहा लागत नाही."

तिसऱ्या भागात तो राक्षस आला. त्याला चहा लागत नव्हता, हे खरे. पण त्याच्या डोळ्यांत बघून झंझावाताला रागही येत नव्हता. कारण शूटिंगच्या वेळी तिथे राक्षसाच्या जागी नुसता काठीवर लावलेला टेनिसचा चेंडू होता. सिनेमा पडला. चौथ्या भागात झंझावाताला अवकाशात पाठवले. आम्ही दोघी बघायला गेलो होतो. "अगं, तिथं वाराच नसतो!" असे धाकटी भर थिएटरात मोठ्याने म्हणाली आणि पुढच्या रांगेतले चौघे उठून घरी गेले. त्यानंतर चित्रकथा छापणे बंद झाले. स्टुडिओच्या मोठ्या शेडला कुलूप लागले. रंगारी, सुतार, शिंपी, केस लावणारी बाई, सगळे घरी बसले. सिनेमा पडतो तेव्हा नट फक्त रुसतो. घरी बसतात ते हे लोक.

कलम ४. माझी काठी. ही मी झंझावाताला, म्हणजे ते काम करणाऱ्या नटाला, ठेवणार होते. आता खोडले आहे. का ते शेवटी येईल.

दिवे विझवणारी म्हणून मी नाव कमावले आणि दिवा बदलताना पडले. वर सांगितलेले स्टूल तेच, साल चौथा भाग पडला ते. खुब्याचे हाड मोडले. वर्षभर अंथरुणावर होते. धाकटीने मला उचलले, पुसले, भरवले आणि रोज न चुकता "तुला कोणी सांगितलं होतं वर चढायला?" हे ऐकवले. युनिटमधले कोणी फिरकले नाही. बाकीच्यांचे मला काही नाही. पण हा मुलगा पहिल्या दिवसापासून मला मावशी म्हणायचा, माझ्या डब्यातले खायचा, उंचावरून लटकायची वेळ आली की माझा हात धरून बसायचा. त्याचा फोनसुद्धा आला नाही. आला असता तर मी उचलला नसता, पण वाजायला हवा होता.

कलम ५. स्वयंपाकघरातील उजवीकडची खुर्ची दिग्दर्शिकेला द्यावी. सगळे तिला चष्मिष म्हणतात, मीही म्हणते.

बरी झाल्यावर मला नाटकात उभे राहवेना, म्हणून मी मिळेल ते आवाजाचे काम धरले. त्यात लिफ्टचे काम होते. "दरवाजा बंद होत आहे. कृपया दूर उभे राहा." एका इस्पितळाच्या लिफ्टमध्ये ही चष्मिष शिरली आणि माझा आवाज ऐकून तिला घाम फुटला. लहानपणी खुर्चीखाली लपलेल्या पोरांपैकी ती एक. तिने लिफ्टवाल्या कंपनीकडून माझा पत्ता काढला आणि दारात उभी राहिली.

"बाई, मला पाचवा भाग करायला दिलाय. शेवटची संधी म्हणून. हाही पडला तर शेड विकणार आहेत. मला काजळी हवीय."

"काजळी मेली ना?"

"तेच अडलंय. आमचे लेखक म्हणतात, जुळी बहीण दाखवू. नाहीतर काळात मागे जाऊ."

धाकटी भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "धुराड्यात पडली म्हणजे मेलीच कशावरून? ही काय मेली का? पडली, हाड मोडलं, वर्षभर लोळत होती. कोणी बघायला आलं नाही, एवढंच."

चष्मिषने चष्मा काढून पुसला. नंतर त्याच उजवीकडच्या खुर्चीवर बसून तिने अख्खा सिनेमा लिहिला. आम्ही तिला चहा दिला, लेखकांची नावे पडद्यावर आली, धाकटीचे आले नाही. हे धाकटी अजून बोलून दाखवते.

कलम ६. माझी काळी टोपी शेडमधल्या शिंपीमामांना परत करावी. तिच्या अस्तराचा कपडा त्यांच्या बायकोच्या साडीचा आहे, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितले.

पाचव्या भागातला तो प्रसंग सगळ्यांनी बघितला आहे, तरी खरे काय झाले ते लिहून ठेवते. काजळी एका खोलीत एकटी आहे, हातात काठी. झंझावात खिडकीतून आत येतो. त्याने म्हणायचे होते, "तुझा खेळ संपला." मी हसून दिवा विझवायचा होता. तो आत आला. इतक्या वर्षांनी आम्ही पहिल्यांदा समोरासमोर उभे होतो. त्याच्या केसांना कलप, पोट पट्ट्याने आवळलेले. मला वाक्यच आठवेना. तोंडून निघाले, "आता आलास होय?"

त्याचाही चेहरा उतरला. भर शूटिंगमध्ये, दंड फुगवलेल्या त्या पोशाखात तो म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. दोन सिनेमे पडले, तोंड दाखवायची लाज वाटत होती."

"सिनेमे पडले तर पडले. मीपण पडलेच होते की रे."

मी दिवा विझवला नाही. चष्मिषने थांबा म्हटले नाही. दोघांच्या वाक्यांतल्या 'सिनेमे पडले'चे तेवढे तिने नंतर 'लढाया फसल्या' करून घेतले, बाकी तसेच ठेवले. थिएटरात लोक आधी हसले आणि मग नाक ओढू लागले. दुसऱ्या आठवड्यात आज्यांना घेऊन नातवंडे येऊ लागली. शेडचे कुलूप निघाले. चित्रकथा पुन्हा छापू लागले, आणि काजळी झंझावाताची मावशी कशी, हे सांगण्यासाठी त्यांना मोठी वंशावळ काढावी लागली. ती साफ खोटी आहे. माझी भाची एकच आहे आणि ती वंशावळ पाहिल्यापासून ती फुगून बसली आहे.

कलम ७. माझा चेहरा आणि माझा आवाज. हे मी कोणालाही देत नाही.

सिनेमा चालल्यावर निर्माते पेढीच्या वकिलासकट घरी आले. कागद भाचीने वाचला.

"मावशी, यात लिहिलंय की तू गेल्यावरही तू काम करत राहशील. संगणकावर."

"आणि जेवायला?"

निर्माते म्हणाले, "बाई, तुम्ही अमर व्हाल. आणि तुमच्याशिवाय ही मालिका पुन्हा बसेल. शेडमधल्या माणसांचा तरी विचार करा."

माणूस बोलला ते लबाडीनेच, पण खोटे बोलला नाही. मला झोप लागेना. मी नाही म्हटले तर ते सगळे पुन्हा घरी बसणार. हो म्हटले तर हा मुलगा पुन्हा काठीवरच्या चेंडूशी भांडणार, फक्त चेंडूला माझे तोंड असणार.

शेवटी मी त्यांना सांगितले: सहावा भाग मी करीन, पण माझ्यानंतर काजळी जिवंत बाईच करील, आणि ती बाई मी निवडीन. त्यांनी खूप आढेवेढे घेतले. मग सही केली. कागद भाचीकडे आहे.

कलम ८. काजळी. ही मी माझ्या 'पडणारी'ला देत आहे. पहिल्या भागापासून माझ्या ऐवजी जिथे जिथे उडी, आपटणे, जिन्यावरून घरंगळणे होते, तिथे माझा झगा घालून ती पडली. धुराड्यातही तीच पडली. तिचा चेहरा आजवर कोणी पाहिलेला नाही, कारण तो दिसला की तिचे काम चुकले.

तिला मी स्वयंपाकघरात बोलावले. ती म्हणाली, "बाई, मला फक्त पडता येतं. बोलता नाही येत. तोंड दाखवायची सवय नाही."

"मग पाठमोरी बोल."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि धुराड्यात पडल्यानंतरची काजळी बोलू लागली. खाली किती अंधार होता, वर लोक टाळ्या वाजवत होते ते कसे ऐकू येत होते. हे कोणी लिहून दिलेले नव्हते. धाकटीने गॅस बंद केला आणि वळून बघितले. चुलीवर काही असताना ती कोणासाठी वळत नाही.

साक्षीबद्दल: एक साक्षीदार घरचे डॉक्टर, माझे डोके ठिकाणावर असल्याचे त्यांनी दोनदा तपासले. दुसरा झंझावात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे भाचीने सांगितले, तेव्हा त्याने काठीवर पाणी सोडले आणि पेन मागितले. कलम ४ त्यामुळे खोडले.

सही करण्यापूर्वी सगळ्यांना मजकूर वाचून दाखवला. पडणारी दाराशी उभी होती. तिने एकच शंका काढली. "बाई, आता मी तोंड दाखवणार. मग माझ्या ऐवजी पडणार कोण?"

तिला दिलेले उत्तर मृत्युपत्राचा भाग नाही, असे वकील म्हणतात, तरी लिहिते. पडायला माणूस भाड्याने मिळतो गं. उचलणारं घरचं लागतं.

धाकटी म्हणाली, "सही कर आता."

केली.

लिहून देणार: (सही) काजळी म्हणून ओळखली जाणारी नटी
साक्षीदार: (सही) घरचे डॉक्टर
साक्षीदार: (सही) झंझावात, पोशाखाशिवाय, चष्म्यासह
ठिकाण: खालच्या मजल्यावरील स्वयंपाकघर
दिनांक: नऊ मार्च दोन हजार सव्वीस, सोमवार. उद्यापासून सहाव्या भागाचे शूटिंग असल्याने हा कागद इतक्यात उघडू नये.