फट राहू दे

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तेच. फोनवर धाकटी बहीण दिसली, तिची पोरं दिसली, मांजरसुद्धा दिसलं. तिकडची आई काही दिसली नाही. "तिला बरं नाही." मागच्या वेळी बाजारात गेली होती, त्याआधी झोपली होती. मला काय कळत नाही?

दीड वर्षाची असताना विमानातून मी या घरात आले. पस्तिशी उलटल्यावर दत्तक देणाऱ्या संस्थेने तिकडच्यांचा पत्ता लावला. क्लास लावून त्यांची भाषा शिकले, तीही मोडकीतोडकीच. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती समोर यायला तयार नाही. मला बघायचंच नसेल तिला?

आमच्या आईची तर कमालच. मी फोन लावला की हिला नेमके डबे पुसायचे सुचतात. "तुमचं चालू दे," म्हणते आणि स्वयंपाकघरात गडप. डबे अगदी लख्ख झालेत.

७ मार्च

दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासल्या. चिडूनच. लॅबचे मालक म्हणाले, "राग दातांवर काढू नकोस, बाई. गिऱ्हाईक चावत सुटेल."

११ मार्च

धाकटीला सरळच विचारलं. तिला मला बघायचं नसेल तर तसं सांग, मी समजून घेईन. (कसलं समजून घेतेय! पण म्हटलं.)

धाकटी दाराकडे बघत हळूच म्हणाली, "सांगितलं म्हणून मला झोडपेल ती. जिन्यात घसरून पडली, वरचे पुढचे चार दात गेले. म्हणते, इतक्या वर्षांनी लेक बघणार आणि तिला काय हे बोळकं दाखवू?"

मी हसायला लागले ते थांबेचना. आई फडकं घेऊन धावत बाहेर आली. मग मला रडू फुटलं. अगं बाई, तुझी लेक दातच करते की! क्लासमध्ये 'कवळी' कोण शिकवतंय, म्हणून मी आपलं 'दवाखान्याचं काम करते' सांगून मोकळी झाले होते.

२१ मार्च

पार्सल आलं. माझ्या सांगण्यावरून तिथल्या डॉक्टरने तिच्या तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचे साचे पाठवलेत. असे साचे रोज हाताळते, आज मात्र दोन्ही हातांनी उचलले. तिचं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या हातात होतं.

खालचा एक दात तिरका आहे. उजवीकडचा. माझाही. बेसिनच्या आरशासमोर साचा गालाला लावून उभी होते, तेवढ्यात मालक आले. बघितलं, वळले आणि दाराबाहेरून म्हणाले, "चहा पाठवतो."

२४ मार्च

मेणात चार दात लावले. मालक चष्मा वर करून म्हणाले, "मधे फट कसली ठेवतेस? लोक फटी बुजवायला येतात आपल्याकडे."

पण धाकटी म्हणते, तिचे दात अगदी माझ्यासारखे होते. माझ्या पुढच्या दोन दातांत ही एवढी फट. शाळेत पोरं मला 'खिडकी' म्हणायची. डॉक्टर तार बसवून देतो म्हणाले, मी हट्ट धरला, आणि आई ढिम्म. "ही फट आपण दिलेली नाही. जिने दिली तिला न विचारता बुजवायची नाही. मोठी झालीस की तुझं तू ठरव." मी कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला होता. मोठी झाल्यावर मात्र कधी बुजवावीशी वाटली नाही.

मेणाचे दात डबीत घालून आईला दाखवायला आणले. तिने खिडकीपाशी नेऊन निरखले. "फट कमी पडतेय. तोंड उघड बघू." आणि या वयात मी 'आ' करून उभी!

आईचंच बरोबर निघालं.

२ एप्रिल

दात गेले पोस्टाने. सोबत, आईने माझी फट कशी बुजवू दिली नाही, ते मोडक्यातोडक्या भाषेत लिहून टाकलं. चैन पडत नाही. चावताना टोचले तर?

९ एप्रिल

तिथल्या डॉक्टरने जरासे घासून बसवले म्हणे. फोटो पाठव म्हटलं, तर धाकटी म्हणाली, "नाही म्हणते. रविवारी समोरच बघ."

मग तिनेच विचारलं, तुमच्याकडे आईला काय हाक मारतात? मी सांगितलं. माझ्याकडून दहादा म्हणून घेतलं.

१३ एप्रिल, रविवार

ती दिसली. तोंडावर हात धरून बसली होती. मग हात काढला आणि हसली. माझंच हसू, फक्त म्हातारं झालेलं. पाठ केलेलं एकूण एक वाक्य मी विसरले.

तिने त्या फटीवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "दात तू केलेस. पण ही फट जिने राखली, ती कुठे आहे? बोलव तिला."

स्वयंपाकघरात डबे वाजत होते. मी तिकडे तोंड करून हाक मारली, "आई!"

दोघींनी ओ दिली.