संरक्षण खात्याच्या एकसष्ट खिडक्या

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार. ओस्लो

आमच्या पेशात डायरी ठेवणं हा गुन्हा आहे. पण स्मरणशक्तीला व्यायाम लागतो. शिवाय ही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणजे गुन्हा अर्धाच.

संकल्प: सिगारेट बंद. रोज दहा नॉर्वेजियन शब्द पाठ. आणि युद्ध सुरू होण्याआधी ते ओळखणे.

तिसरा संकल्प मॉस्कोचा. अमेरिका आणि तिचे दोस्त आपल्यावर अचानक अणुबॉम्ब टाकणार, अशी केंद्राची, म्हणजे आमच्या मुख्यालयाची, खात्री झालीय. प्रश्न फक्त कधी, एवढाच. म्हणून जगभरच्या आमच्या ऑफिसांना खुणांची यादी आलीय. ऑफिस सुटल्यावर संरक्षण खात्याच्या किती खिडक्यांत दिवे, रक्तपेढीत किती गर्दी, वगैरे. कागदोपत्री मी व्यापार विभागात, लाकूड आणि मासे. खरं काम खिडक्या. रोज संध्याकाळी सहाला समोरच्या ट्रामच्या थांब्यावर उभं राहून मोजायच्या. दर्शनी बाजूला एकूण एकसष्ट आहेत. आज दिवे चौदांत.

मार्चमध्ये इथे आल्यापासून अशाच जबाबदारीची वाट पाहत होतो. माणूस हेरला शेवटी केंद्रानं.

रिम्मा खुशीत आहे. ग्लेबची सैन्यातली दोन वर्षं संपत आली. पंचवीस नोव्हेंबरला सुटका. आमचा एकुलता एक, क्षेपणास्त्रांच्या कुठल्याशा तुकडीत आहे. ती त्याला घ्यायला मिन्स्कला जाणार. त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय आणि मापाला मला उभं करते. पोरगा माझ्याहून रुंद आहे म्हटलं. ऐकत नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला पंधरवड्याचा रिपोर्ट दिला. 'खिडक्या चौदा. विशेष काही नाही.' आमचे साहेब गेर्मान साव्हेलिएविच यांनी तो परत केला. म्हणाले, याला रिपोर्ट म्हणत नाहीत, याला रजेचा अर्ज म्हणतात. दुसऱ्या राजधान्यांतून पानंच्या पानं जातायत आणि आमच्याकडून एक ओळ, हे बरं दिसत नाही.

विचार केला. सुधारून लिहिलं: 'संख्या चौदा ते एकोणीसच्या दरम्यान सतत हलती.' एकोणीस एकदाच होत्या, मंगळवारी, फरशी पुसणाऱ्या बायका आल्या होत्या तेव्हा. खोटं काहीच नाही. बायका जागेअभावी गाळल्या.

सिगारेटी चार. थांब्यावर नुसतं उभं राहिलं की संशय येतो, ओढत उभं राहिलं की येत नाही. त्या ड्युटीत धरायच्या.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

रक्तपेढीची पाहणी. गेल्या आठवड्यात दारातून पाहिलं तेव्हा एकच म्हातारा होता. आज आत गेलो. तोच म्हातारा. नर्सबाईंनी माझा कोट काढून घेतला आणि कॉटवर झोपवलं. मला एव्हाना चाळीस शब्द येतात, पण त्यांत 'मी नुसता बघायला आलोय' हे नव्हतं. अर्धा लिटर गेलं. नंतर ज्यूस आणि दोन बिस्किटं दिली. बिस्किटं चांगली होती.

रिपोर्ट: 'रक्तदात्यांची संख्या एका आठवड्यात दुप्पट.'

माझ्या शेजारच्या टेबलावर रुस्लान बसतो. त्यानं वाचलं आणि हसता हसता त्याला खोकला लागला. म्हणाला, पुढच्या खेपेला मलाही घेऊन चल वेन्या, तिप्पट करू. जळतो. हुशार माणसाला ऑफिसात मित्र नसतात.

१ नोव्हेंबर, मंगळवार

केंद्राकडून उत्तर. 'माहिती उपयुक्त. लक्ष ठेवा.' एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला कोणी उपयुक्त म्हटलेलं नाही. साहेबांनी स्वतःच्या हातानं चहा ओतला. घरी रिम्माला काही सांगता येत नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. तिनं विचारलं, बढती का? म्हटलं, तसंच काहीसं. ती म्हणाली, मग बेसिनचा नळ दुरुस्त करून घे.

नळ: उद्या.

१० नोव्हेंबर, गुरुवार

तणाव. पश्चिमेकडच्यांची कसलीशी मोठी लष्करी कवायत चाललीय आणि केंद्राला ती कवायत वाटत नाही. तारेवर तार. साहेब दोन दिवस दाढीविना. रुस्लानसुद्धा हसत नाही.

आज दिवे सोळा. रिपोर्टात बावीस. मागच्या बाजूच्या खिडक्या थांब्यावरून दिसत नाहीत, त्या अंदाजानं धरल्या. नुसतं दिसतं तेवढंच मोजायचं तर मग अनुभव कशाला लागतो?

नॉर्वेजियन शब्द तूर्त स्थगित. परिस्थिती पाहता बरोबरच आहे.

१६ नोव्हेंबर, बुधवार

केंद्राचं परिपत्रक आलं, सगळ्या ऑफिसांना. त्यात लिहिलंय: 'उत्तरेतील विश्वसनीय सूत्रानुसार संरक्षण खात्यात रात्रपाळी वाढली असून रक्तसाठा दुपटीनं गोळा होत आहे.' म्हणजे माझा अंदाज खरा होता! उत्तरेत आणखी कोणीतरी तेच पाहिलंय. मी एकटा नाही.

रुस्लान म्हणाला, "वेन्या, उत्तरेला आपणच आहोत."

त्याला सांगितलं, स्वीडन आहे, डेन्मार्क आहे. नकाशा बघ जरा.

२३ नोव्हेंबर, बुधवार

जिनिव्हाच्या क्षेपणास्त्रांवरच्या वाटाघाटींतून आपले लोक उठून आले. रेडिओवर दिवसभर तेच. पण आजची खरी बातमी ती नाही.

ग्लेबची सुटका रद्द. पुढचा हुकूम येईपर्यंत कोणालाच घरी सोडणार नाहीत. रिम्माच्या बहिणीमार्फत त्याची चिठ्ठी आली. तुकडीला बराकीतून काढून जंगलात नेलंय, बर्फात, क्षेपणास्त्रांच्या गाड्यांशेजारी झोपतात. पायाची दोन बोटं बधिर झालीत, पण काळजी नको म्हणतो. शेवटी लिहिलंय, 'अधिकारी सांगतात की परदेशातून पक्की खबर आहे, उत्तरेकडे लोक लढाईसाठी रक्त साठवायला लागलेत.'

रिम्मानं हे वाक्य मोठ्यानं वाचलं. नंतर पुन्हा वाचलं.

ते रक्त माझं आहे. अर्धा लिटर, दोन बिस्किटांसह. मी हे आज इथे लिहून ठेवतोय, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

ती म्हणाली, तू त्यांच्यातच काम करतोस ना, विचार कोणालातरी. म्हटलं, विचारतो.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तो घरी यायचा होता.

संकल्प, आणि हा शेवटचा: खरं लिहायचं. सकाळी रिपोर्ट ठेवला. 'खिडक्या चौदा. मागची बाजू अदृश्य. रक्तदाते दोन, पैकी एक मी.' साहेबांनी दार लावून घेतलं. रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, केंद्रानं पडताळा मागितल्यावर डेन्मार्कच्या आणि पश्चिम जर्मनीच्या आपल्या ऑफिसांनी तुमच्या माहितीला दुजोरा दिलाय. ते काय म्हणणार होते, आम्हाला दिसलं नाही?

"आता तुम्ही म्हणताय काहीच नाही. म्हणजे तेव्हा खोटं बोललात, नाहीतर आता विकले गेलात. कुठलं लिहू ते सांगा, वेनियामिन अर्कादिएविच."

रिपोर्ट खिशात घालून परत आलो. पण खचायचं कारण नाही. नवी योजना डोक्यात तयार आहे. एकदम चौदा म्हटलं तर केंद्र दचकेल. तेव्हा हळूहळू उतरायचं. सोमवारी वीस, मग अठरा, मग सोळा. तीन आठवड्यांत युद्ध जिन्यानं खाली आणून ठेवतो. नव्या वर्षाच्या जेवणाला ग्लेब घरी. रिम्माला म्हटलं, काम होतंय. तिनं स्वेटरची बाही पुढे विणायला घेतली.

२८ नोव्हेंबर, सोमवार

शनिवार-रविवार तापानं अंथरुणात होतो. संध्याकाळी कसाबसा थांब्यावर गेलो, वीस लिहायचेत असं ठरवून. समोर एकसष्ट. प्रत्येक खिडकीत दिवा. तीनदा मोजलं. धुकं होतं, पण दिवे होते. आजूबाजूच्या घरांतही. सगळं शहर जागं.

ऑफिसपर्यंत पळत गेलो. या वेळी काहीच न वाढवता आकडा सांगितला. साहेबांनी उभ्याउभ्याच तातडीची तार लावली. ट्राममध्ये घरी जाताना मनात एकच, ग्लेब आत्ता त्या गाडीशेजारी उभा असेल.

घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत कागदाची मोठी पिवळी चांदणी टांगलेली. आत बल्ब. शेजारच्या बोर्गहिल्दबाईंनी दिली म्हणे. नाताळच्या आधीचा चौथा रविवार आला की इथे प्रत्येक खिडकीत लावतात, घरी, शाळेत, ऑफिसात, आणि दिवस-रात्र विझवत नाहीत. रिम्मानं विचारलं, छान दिसते ना?

कोट न काढता परत पळालो. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचाही इथला पहिलाच हिवाळा. म्हणाले, तार पाठवायचा फॉर्म आहे. परत घ्यायचा नाही.

७ डिसेंबर, बुधवार

चांदण्यांचा सविस्तर खुलासा पाठवला होता. चार पानं, सोबत आकृती आणि बोर्गहिल्दबाईंची चांदणी, घडी करून. आज उत्तर आलं. 'रात्रपाळीचे दिवे लपवण्यासाठी सणाचा आडोसा, ही शत्रूची अत्यंत धूर्त चाल. ती उघडकीस आणल्याबद्दल अधिकाऱ्याचं अभिनंदन.' पदकाची शिफारस. ओस्लोतली मुदत दोन वर्षांनी वाढवली. पुढे हुकूम: 'आडोसा एकाच दिवशी सर्वत्र काढला गेल्यास ती हल्ल्याची घटका समजून तासाभरात कळवावं.'

रुस्लाननं हात मिळवला. त्यानं निदान हसायला हवं होतं.

बोर्गहिल्दबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, चांदण्या कधी उतरवतात. म्हणाल्या, तेरा जानेवारीला. सगळे एकाच दिवशी. नंतर ठेवली तर शेजारी हसतात.

१३ जानेवारी १९८४, शुक्रवार

सहाला थांब्यावर. चौदा.

साहेब पेन उघडून बसले होते. किती, म्हणून विचारलं. त्यांच्या घरातली चांदणी आज दुपारीच उतरलीय, त्यांच्या बायकोनं रिम्माला सांगितलं होतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, एकसष्ट.

त्यांनी लिहिलं. सही केली. मग विचारलं, "उद्या?"

म्हटलं, उद्याही एकसष्ट. परवाही. चौदा म्हटलं तर काय होईल ते मला ठाऊक नाही आणि त्यांनाही नाही. एकसष्ट म्हटलं तर काहीच होणार नाही. जे चाललंय तेच चालेल. तुकडी सज्ज राहील, जंगलात, आणि ग्लेबही तिथेच. दोन वर्षं मी इथे आहे. म्हणजे दोन वर्षं एकसष्ट.

त्याची नवी चिठ्ठी होती. एक बोट काढावं लागलं. लहानच होतं म्हणतो.

स्वेटर कधीचाच पूर्ण झालाय, खुर्चीच्या पाठीवर घातलेला असतो. भांडी आवरताना रिम्मा म्हणाली, "कोणी अशा बातम्या देतं यांना? तुझ्या त्या लोकांना सांग की इथे काही नाहीये. बाजारात जाणाऱ्या बाईलासुद्धा दिसतं ते."

सांगतो, म्हटलं.