बाबांच्या चाकांची चावी

रविवार, दिवेलागणीनंतर

तो ठणठणाट अजून कानातून जात नाही.

बाबा गेल्यापासून गाडी खाली तशीच उभी. मागचं एक चाक बसलेलं, आणि उद्या गाडी घेणारा माणूस येणार. शेजारच्या सोसायटीत चाकं चोरीला गेली तेव्हा बाबांनी आपल्या गाडीला लॉकवाले नट बसवून घेतले. त्यांची चावी वेगळी असते, नटावर टोपणासारखी बसणारी. कुठे ठेवली, कुणालाच सांगितलं नाही. मी सगळं घर उलथंपालथं केलं. आईपण शोधत होती, पण कुलपाच्या किल्लीसारखी किल्ली.

शेवटी नाक्यावरचा गणेश पंक्चरवाला म्हणाला, "चावी नाय तर तोडायलाच लागणार." नटापेक्षा जरा लहान सॉकेट त्याने हातोड्याने नटावर ठोकून बसवला आणि पान्याने पिळला. ठण, ठण. चावीशिवाय घेणारा अडेल म्हणून चारही चाकांचे लॉकवाले नट असेच काढले; प्रत्येक नट निघताना किंचाळायचा. वर खिडकीतून आई म्हणाली, "हळू मार रे, गाडी तेंची आसा."

मी म्हटलं, मार जोरात. का म्हटलं? एवढी कसली घाई होती?

आईचे गुडघे धरले होते म्हणून आज दिवा मी लावला. देवांच्या मागे कुंकवाने माखलेलं काहीतरी लोखंडी, अंगठ्याएवढं.

"आई, हे काय?"

"दसऱ्याक तेंनी पूजेक ठेवलेला. उचलूचा कसा? रोज कुंकू लावतंय."

कुंकू पुसलं. आत नटाच्याच नक्षीची खाच.

चावी होती तिथेच परत ठेवली. ठण, ठण. उद्या ती पुन्हा कुंकू लावेल, आणि त्या चावीने उघडेल असं आता काहीच उरलेलं नाही.