घोट्याचा बूट

दि. ४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घोट्याचं पुन्हा ऑपरेशन करावं लागणार. गेल्या वर्षी शिवलेलं लिगामेंट सैल पडलंय. सपाट व्हरांड्यातही पाय मुरगळतो. मुख्याध्यापिकांनी मैदानावरचे माझे खेळाचे तास दुसऱ्या बाईंना देऊन मला ग्रंथालयात बसवलंय. तुमची भिंगरी आता पुस्तकांवर शिक्के मारते! या वेळी गुडघ्याजवळची स्नायूची दोरी काढून घोट्यात बसवतील. हेही फसलं तर मैदान विसरा, असं डॉक्टर म्हणाले.

गेल्या ऑपरेशननंतर सहा आठवडे आमचाच बूट घातला होता ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. तुम्ही शिवलेला घातला, हे सांगायला जीभ रेटेना. बाबा, त्यात काही कमी होतं का? खरं कळवा.

लोभ ठेवालच.
भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं बूट शिवतोय, एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही. डॉक्टरांचा बूट म्हणजे नुसतं धोंड बांधणं. त्यांचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं! तूही कमी नाहीस, दोन महिन्यांत धावायला लागलीस. आता खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस.

प्रकृतीस जप.
बाबा

दि. २० मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. दुकानात हात चालत नाही.

डॉक्टरांच्या बुटासारख्या कडक पट्ट्या मीही दोन्ही बाजूंना घातल्या होत्या. पहिल्यांदा घातलास तेव्हा त्या टोचल्या, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात मी त्या काढून टाकल्या. नंतर बूट घालून तू हसलीस. मला तेवढंच हवं होतं. आज डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. चूक माझी.

रागाव, पण लिही.
बाबा

दि. ६ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांचा बूट खरंच धोंड आहे. टोचतो, काचतो, मी रडते, आणि इथे कुणी पट्ट्या काढत नाही. म्हणूनच घोटा जागेवर आहे.

राग आलाय, आणि तो लवकर जायचा नाही. माझं घटकाभराचं रडणं तुम्हाला बघवलं नाही, म्हणून माझं वर्ष गेलं. मैदान परत मिळेल की नाही, कुणी सांगत नाही.

भेटायला या. माप घ्यायची टेप मात्र घरी ठेवा.

लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.
भिंगरी