प्रयोजनाचा रकाना

७ नोव्हेंबर १९५४, रविवार

माझ्या छोट्या विमानाचं इंजिन आज बोललं. जुन्या पाटावर स्क्रूने घट्ट बसवून परसात ठेवलं होतं. दीडएकशे वेळा बोटाने पंखा फिरवला असेल. मग एकदम असा आवाज, की सुमती पोळपाट टाकून बाहेर आली. "मले वाटलं घरात गांधीलमाशांचं मोहोळ फुटलं!" लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिची अल्लीपूरची माहेरची बोली सुटलेली नाही.

बारापर्यंत मोजलं, तोवर बंद पडलं. तर्जनीला जखम. सदऱ्यावर इंधनातलं एरंडेल. नालवाडीत आमच्या शेजारी सकाळची सूतकताई चालते, तिथल्या टकळ्या थांबल्या. कोणी काही विचारलं नाही, हेच जास्त लागलं.

इंजिन विलायती आहे. माझं स्वदेशीचं व्रत वस्त्रापुरतं आहे, यंत्रापुरतं नाही, असं स्वतःला तीनदा सांगितलं. तीनदा का सांगावं लागलं?

१४ नोव्हेंबर

सुरुवातीलाच काय लागलं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे स्वतःशी लपवालपवी नको. नागपूरच्या रेल्वेतले ड्रायव्हरसाहेब देश सोडून चालले, त्यांच्याकडून इंजिन, विमानाचा नकाशा छापलेलं मासिक, बिनतारी यंत्राचे दोन व्हॉल्व्ह आणि शेपूट हलवणारं चुंबक, सगळं मिळून रु. ९०. बॅटऱ्या रु. २२. इंधनासाठी ईथर तीन रुपये आठ आणे. पतंगाचा कागद, सरस, किरकोळ. पगार १६५.

ईथर शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. घेतलं नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी आणून बाजारातून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "कोणाला बेशुद्ध करताय, गुरुजी?"

सु. म्हणाली, "अजून उडालं नाई, अन् एवढे गेले?"

"ही नुसती सुरुवात."

"मंग सुरुवातच नका करू ना."

२१ नोव्हेंबर

बोरगावच्या किसनाजी सुतारांकडे गेलो. मासिकात सांगितलेलं लाकूड इथे मिळत नाही. पांगारा हलका, तो घ्यायचं ठरलं. किसनाजी हसत सुटले. "मास्तर, पांगारा तं चुलीतही धड जळत नाई. अन् तुमी त्याचं इमान करून राह्यले!" तरी फळ्या अशा चिरून दिल्या की कागदासारख्या. पैसे घेईनात. "उडालं तं सांगजा. नाई उडालं तं मी लाकूड देल्लं होतं हे कोनाले सांगू नका."

पंख टोकापासून टोकापर्यंत पाच फूट. दोन तुकडे करून मधे बांधायचे, नाहीतर मोटरीच्या टपावर नेता येणार नाही.

१२ डिसेंबर, अल्लीपूर

सु.चा भाऊ नाना, त्याच्या पडीत वावरात पहिलं उड्डाण. बिनतारी यंत्र न लावता, नुसतं इंजिन. सुरू करताना कोणीतरी मागून शेपूट धरावं लागतं, सु.ने धरलं. पदर कमरेला खोचून, तोंड फिरवून. मी पंखा फिरवला, पकडलं, पळालो, सोडलं.

गेलं!

डावीकडे झुकत, मोठी मोठी वर्तुळं घेत वर. मी खाली उभा. काही करता येत नाही. इतकी वर्षं मुलांना बल आणि वेग शिकवले. ते असे डोक्यावर फिरताना कधी पाहिले नव्हते. मग वाऱ्याने ते तुरीवरून पलीकडे नेलं. पऱ्हाटीतून धावलो. कापूस वेचणाऱ्या बाया पोट धरून हसत होत्या. एक म्हणाली, "मास्तर, पाखरू पाळलं का? मंग दोरी बांधा ना त्याले!"

बाभळीत सापडलं. एक पंख फाटला, बाकी ठीक.

नाना म्हणाला, "जवाईबापू, दुसऱ्या खेपेले नाई सापडनार." खरं आहे. ते मला हवं तिकडे वळवता आलं पाहिजे. नाहीतर हे उडवणं नाही, हरवणं आहे.

१९ डिसेंबर

प्रेषक जवळजवळ तयार. प्रेषक माझ्या हातात राहील, ग्राहक विमानाच्या पोटात. एकच बटण. दाबलं की सुकाणू डावीकडे, सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की उजवीकडे. मागच्या वेळी कुठे वळलं होतं ते आपण ध्यानात ठेवायचं.

सु.ला समजावून सांगितलं. एकदाच. "म्हंजे गिऱ्हाईक वर अन् दुकानदार खाली," म्हणाली. "उधारीचं गिऱ्हाईक दिसते हे. परत याचं नाई."

पण प्रेषक चालू करायचा तर सरकारी परवाना हवा. दिल्लीला पत्र टाकलंच होतं. काल फॉर्म आला. नाव, वय, शिक्षण, धंदा, जागा पाच मिनिटांत भरलं. मग रकाना: प्रयोजन. पेन थांबलं.

२० डिसेंबर

हेडमास्तरांनी फॉर्म पाहिला. भला माणूस. म्हणाले, "अहो, त्यात काय? 'विद्यार्थ्यांच्या शास्त्रीय शिक्षणासाठी.' मी शाळेचं पत्र देतो. खासगी माणसाच्या अर्जाकडे कोण बघतं?" तिथल्या तिथे पत्र लिहून शिक्का मारून दिलं.

पत्र खणात ठेवलं आहे.

पण ते विद्यार्थ्यांसाठी नाही. खरं लिहायचं तर: मुलांचे हात त्याला लागावेत असं मला अजिबात वाटत नाही. कल्पनेनेच अंग आकसतं. वीस वर्षं सगळं मुलांसाठीच केलं, हे एक...

२६ डिसेंबर

दोन दिवस अल्लीपूरला. नानाला म्हटलं, प्रयोजन लिहायचं राहिलं आहे. आतून सासूबाईंनी ऐकलं आणि उठून बाहेर आल्या. "कोनाकडे हाय परयोजन? अन् मले कोनी सांगतलंच नाई! मुंज हाय का बारसं?" त्यांच्या तोंडी प्रयोजन म्हणजे जेवणावळ. सु.ला हसू आवरेना. "विमानाचं परयोजन हाय, आई. पाच पात्रं वाढायची हायेत."

हसलो. रात्री वाटलं, सासूबाईंचा अर्थच बरा. जेवणावळीला कारण असतं. बोलावलेली माणसं असतात. माझ्या प्रयोजनात पात्र एकच.

२ जानेवारी १९५५

प्रेषक पूर्ण. टेबलावर उभा आहे, चालू करता येत नाही. ह्या खोलीत बटण दाबलं तर दिल्लीला काय कळणार आहे? किसनाजीही हेच म्हणाले: "सरकार काय पाहाले येते का?"

बेचाळीस साली सरकारचा कायदा मोडला तेव्हा मागेपुढे पाहिलं नाही. तेव्हा सरकार परकं होतं. आता आपलं आहे, म्हणून बोट बटणापर्यंत जाऊन परत येतं. तीनदा गेलं आज.

९ जानेवारी

रकान्यात 'स्वतःच्या आनंदासाठी' असं लिहावं म्हटलं. फॉर्म इंग्रजीत. आनंदाला शब्द सापडेना. एक फार छचोर, एक फार गंभीर, एक सर्कशीच्या जाहिरातीतला. शब्दकोश तासभर चाळला. सु. म्हणाली, "खरं बोलाले एवढं जाडं पुस्तक लागते का?"

ती सहज बोलली असेल.

हेही तपासायला हवं: खोटं लिहायचं नाही हा सच्चेपणा आहे, की आपण खोटं लिहीत नाही ह्याची ऐट?

१७ जानेवारी

शाळेत चिडचिड. नववीच्या वर्गावर विनाकारण ओरडलो. घरी वस्तू इकडून तिकडे ठेवत राहतो. सु. म्हणाली, "एकतं फॉर्म पाठवा नाईतं फाडा. तुमाले पाहून मलेच चक्कर येऊन राह्यली."

थंडी संपत आली. फाल्गुनात वारा सुटेल, मग वावरात उडवणं कठीण. हे कारण म्हणून लिहितो आहे हे कळतं मला.

२१ जानेवारी

लिहिलं. 'विद्यार्थ्यांच्या शास्त्रीय शिक्षणासाठी.' हे.मा.चं पत्र जोडलं. रजिस्टर केलं. पोस्टातून बाहेर आलो तेव्हा हलकं वाटलं, ह्याचंच वाईट वाटलं.

२६ फेब्रुवारी, शनिवार

परवाना आला. शाळेच्या नावाने आहे. 'चालक' म्हणून माझं नाव. हे.मा. खूष. तास संपल्यावर नोटीस काढली: विमान मंडळ, नावे द्यावीत. पहिल्याच दिवशी तीसच्या वर नावं. मार्चच्या मध्यावर मैदानात सुरुवात करायची म्हणतात.

म्हणजे आता खोटं राहणारच नाही. जे लिहिलं ते करावं लागेल. हा सुटकेचा मार्ग म्हणावा की शिक्षा, ते ठरत नाही. त्याआधी एकदा, एकदाच, मुलांशिवाय.

२७ फेब्रुवारी

प्रेषक चालू केला. परसात विमान पाटावर ठेवून मी फाटकापर्यंत गेलो. बटण. शेपूट हललं. मी इथे, ते तिथे, मधे काही नाही. पुढचा अर्धा तास पुन्हा पुन्हा. सु. दारात उभी राहून पाहत होती, डावा, उजवा, डावा, म्हणत.

६ मार्च, रविवार, अल्लीपूर

सगळं लिहितो, जसं झालं तसं.

सकाळी सातलाच वावरात. वारा नव्हता. आम्ही दोघंच, नाना बाजाराला. सु.ने शेपूट धरलं. इंजिन तिसऱ्या फिरकीला लागलं. सोडलं. पुरेसं वर जाऊ दिलं आणि बटण दाबलं.

वळलं.

माझ्या बोटाने. तुरीच्या कडेपर्यंत गेलेलं, ते वळून परत आमच्याकडे आलं. असं काही मला ह्या वयात मिळेल असं वाटलं नव्हतं. चार-पाच फेऱ्या झाल्या. मग ते विहिरीजवळच्या कडुलिंबाकडे जाऊ लागलं आणि मी गडबडलो. मागचं डावं होतं की उजवं? आठवेना.

"उजवा! आता उजवाच हाय, दाबा!" सु. मागून ओरडली. दाबलं. उजवीकडे वळलं, झाडापासून चार हातांवरून निघालं. ती सगळा वेळ मोजत होती.

ते मोठी फेरी घेत होतं, इंधन अजून दोन मिनिटांचं असेल. ती जवळ आली. चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा. हात पुढे केला. "मले द्या ना. एक डाव दाबतो."

मी म्हणालो, "थांब. परवान्यात चालक म्हणून माझं नाव आहे."

खरंच असं म्हणालो.

तिने हात मागे घेतला. विमान इंधन संपून नीट उतरलं, कुठे खरचटलंही नाही. तिनेच जाऊन उचलून आणलं. मोटरीत शेजारी बसली, अंतराने नाही, नेहमीसारखी. खिडकीबाहेर पाहत.

७ मार्च

परवाना पुन्हा वाचला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम आहेत. चालक हजर असेल तर दुसऱ्याने चालवलं तरी चालतं. शाळेसाठी परवाना, तेव्हा असणारच तसं. काल मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर दिलं असतं?

ह्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहू शकत नाही, आणि ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही.

९ मार्च

सु. बोलते. भाजीचं, पाण्याचं, जावेच्या पत्राचं. विमानाचं नाही. टेबलावरची धूळ पुसताना प्रेषक उचलते, खालचं पुसते, होता तसाच ठेवते.

मी तिला नियमाचं सांगितलं. "मी वाचलं, दुसऱ्यानेही चालवलं तर चालतं." ती म्हणाली, "बरं झालं. पोट्ट्यायले कामी येईन."

दिल्लीच्या सरकारशी खोटं बोललो, त्याचा महिनाभर काथ्याकूट केला. हिच्याशी बोललो ते एका श्वासात.

११ मार्च

हे.मा.नी यादी दिली, बत्तीस नावं. सोमवारी मैदानात. पाहुणे बोलवायचं त्यांच्या मनात आहे. मी हो म्हणालो. मुलांच्या हाती बटण द्यायचं, हे आता तितकं बोचत नाही. कोणाला पहिल्यांदा नाही म्हटलं ते बोचतं.

१२ मार्च, शनिवार

सोमवारच्या आधी उद्या एकदा अल्लीपूरला जाऊन पाहायला हवं. बॅटऱ्या तपासल्या. कागदाची डागडुजी केली. सु. सुपात डाळ पाखडत होती. संध्याकाळी विचारलं, "उद्या येतेस?"

सूप थांबलं नाही. "धराले का उडवाले?"

उत्तर एका शब्दाचं होतं. माझ्या तोंडात होतं, शपथेवर सांगतो. पण त्याआधी एक क्षण गेला. त्या क्षणात मी विमान पाहिलं, कडुलिंब पाहिला, आणि बटणावर दुसरं बोट. ती सूप थांबवून माझ्याकडेच पाहत होती.

"उडवायला," म्हणालो.

"हं," म्हणाली, आणि डाळ डब्यात भरून आत गेली.

आता स्वयंपाकघरात पीठ मळण्याचा आवाज येतो आहे. सकाळच्या मोटरीसाठी भाकऱ्या रात्रीच करून ठेवते. एकाच्या की दोघांच्या, ते इथून कळत नाही. उठून पाहता येईल. अजून उठलो नाही.