जड कार्बन

४ मार्च
परीक्षकांचं उत्तर आलं. पेपर आवडला, पण एक खुसपट काढलंच! आमची कोबाल्टची नारिंगी भुकटी कार्बन डायऑक्साइड धरते आणि उजेडात त्याचं फॉर्मिक आम्ल करते — म्हणे, आम्लातला कार्बन त्याच वायूतून आलाय हे दाखवा. जड कार्बनचा, म्हणजे वजनाने किंचित जास्त आणि यंत्रावर वेगळ्या ओळखू येणाऱ्या कार्बनचा वायू वापरा. आम्लात जड कार्बन सापडला तर छापू.

सापडेल की! चार वर्षं काय माशा मारल्या? आमच्या गाइडबाई म्हणाल्या, एवढं झालं की जूनमध्ये तुझी पीएचडी. लगेच आईला फोन केला.

९ मार्च
आम्ल भरपूर. जड कार्बन शून्य.

१० मार्च
नळी गळत असेल म्हणून सगळे सांधे बदलले. पुन्हा शून्य. शेजारच्या टेबलावरच्या दादाने विचारलं, चेहरा का उतरलाय? त्याच्यावर उगाच खेकसले.

१२ मार्च
आज कार्बन डायऑक्साइड सोडलाच नाही. बाटलीत नुसता आर्गॉन भरला, कशाशीच न जुळणारा वायू, बाकी सगळं तेच, दिवा लावला. चार तासांनी यंत्रावर बघते तर — आम्ल! तेवढंच!

म्हणजे भुकटी त्या वायूला शिवतही नव्हती. ज्या सॉल्व्हंटमध्ये ती विरघळवतो, तोच फुटून त्याचं आम्ल होत होतं. बाटली उघडली की मासळीसारखा वास यायचा, ती सॉल्व्हंट फुटल्याचीच खूण. आणि मी काय करायचे? खिडकी उघडायचे!

वायूशिवायची ही चाचणी मी पहिल्या वर्षी केली होती. दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये. पुढे सॉल्व्हंट बदलला, आम्ल धो धो यायला लागलं, आणि त्या आनंदात चाचणी परत केलीच नाही. गाढव आहे मी.

१३ मार्च
बाईंना सांगितलं. वाटलं, आता कडाडतील. त्यांची बढतीही याच पेपरवर अडकलीय, सगळ्या लॅबला माहीत आहे. पण त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "लपवलं नाहीस, बरं केलंस. प्रयोगांची वही माझ्याकडे ठेव. परीक्षकांना मी कळवते."

मी तिथंच रडले. जूनची पीएचडी गेली — जाऊ दे! जीव भांड्यात पडला. बाईंबद्दल मनात काय काय आणलं होतं, त्याचीच लाज वाटली.

घरी सांगितलं. आई म्हणाली, उशीर झाला तरी चालेल, पण नीट जेवत जा. धाकटा म्हणाला, ताई, म्हातारपणी तरी डॉक्टर होशील ना? किती दिवसांनी हसले.

२० मार्च
वही मागितली. बाई म्हणाल्या, देते. घाई काय आहे?

२ एप्रिल
पेपर स्वीकारला. जड कार्बनच्या ग्राफने शंका पूर्ण फिटली, असं परीक्षकांनी लिहिलंय. पत्रासोबत तो ग्राफ आहे. सुरेख आहे. पेपरवर पहिलं नाव माझं.

तो मी काढलेला नाही.