व्यापाऱ्याची विजार

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाजारात दोरे, बटणं घेतली. परतीच्या बसला अवकाश होता, ऊन मी म्हणत होतं. म्हणून जुन्या बाजार कचेरीतल्या त्या संग्रहालयात शिरले — नुसतं पंख्याखाली बसायला. दोनच खोल्या. तराजू, मापं, कंदील, काचेच्या पेटीत कुणाचा तरी चष्मा. कोपऱ्यात जुन्या काळच्या धान्यव्यापाऱ्याचा पुतळा, कोट-विजार घातलेला. कोटाची शिवण बघायला जरा हात लावला आणि — विजार सरकन खाली!

शिंपिणीच्या पिशवीत टाचण्या असतातच. गुडघे टेकून बसले, विजार वर ओढली, टाचायला लागले. तेवढ्यात मागून आवाज. "चालू द्या. त्यांची काही तक्रार दिसत नाही."

संग्रहालय सांभाळणारे गृहस्थ. पूर्वी गुरांचे डॉक्टर होते. मला हसू आवरेना, त्यांनाही. बस चुकली.

५ फेब्रुवारी

मशीनवर बसल्या बसल्या एकटीच हसते. वहिनी म्हणाली, "वन्सं, हसताय काय?" म्हटलं, बॉबिन अडकली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

विजारीला नवा पट्टा लावून दिला. डॉक्टरांनी मागच्या खोलीत स्वतः चहा केला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, सगळं स्वतःच करतात. चहा पाणचट. मी दोन कप प्यायले.

मग मला गोण्या तोलायच्या काट्यावर उभं केलं. काटा स्थिर होईपर्यंत ते गंभीरपणे बघत राहिले. म्हणाले, "माल उत्तम प्रतीचा आहे."

पन्नाशी उलटलेल्या बाईशी असं बोलतात का? — बोलावं.

१२ फेब्रुवारी

जेवताना दादा म्हणाला, "लग्न केलं नाहीस तेव्हा कुणी काही बोललं नाही. आता लोक बोलतायत. या वयात संग्रहालयं कसली बघतेस?"

म्हटलं, "या वयातच बघायची. नंतर मलाच तिथे नेऊन ठेवतील."

वहिनीला ठसका लागला. दादा ताटावरून उठला. मग मात्र मीही ताट सारलं. छप्पर त्याचं आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर पितळी मापं पुसता पुसता म्हणाले, "महिनाअखेर मुलीकडे जातोय. कायमचा. किल्ली नगरपालिकेत देईन."

मी म्हटलं, "चांगलंच झालं. जेवणाची सोय होईल."

चांगलंच झालं! जीभ कशी झडली नाही माझी!

१८ फेब्रुवारी

गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बाही उलटी जोडली. वहिनीने उसवायला घेतली. मान वर न करता म्हणाली, "काही माणसं आपण होऊन बोलत नाहीत, वन्सं. त्यांना विचारावं लागतं."

मी तर कुणाचं नावही काढलं नव्हतं.

"आणि दादा?"

"त्यांचं मी बघते. चिडतील, दोन दिवस अबोला धरतील. तेवढीच घरात शांतता."

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ती धागे ओढत राहिली.

२३ फेब्रुवारी

उद्या बाजार. निळ्या कपड्यांना इस्त्री केली. मग हिरव्यांना. डोकं ठिकाणावर नाही — आणि नको आहे!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

"हो" म्हणाले.

विचारलं मी होतं.